पाळीव प्राण्याचा घरचा डॉक्टर: निवड कशी करावी आणि त्याचा आयुष्यभर उपयोग कसा करून घ्यावा

पिल्लू घरी आले की पहिल्या आठवड्यात पट्टा, वाटी, गादी, खाऊ अशी सगळी खरेदी होते. डॉक्टरांचा नंबर मात्र पहिल्या उलटीच्या रात्री साडेअकरा वाजता शोधला जातो. त्या वेळी जो दवाखाना उघडा सापडेल तिथे आपण धावतो आणि तिथले डॉक्टर आपल्या परीने उपचार करतात, परंतु समोरचा प्राणी एरवी कसा असतो, त्याचे नेहमीचे वजन किती आणि तो मुळातच भित्रा आहे की आजारामुळे असा बसला आहे, हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो. घरच्या डॉक्टरांचे खरे मोल इथे आहे. प्राणी ठणठणीत असताना त्यांनी त्याला पाहिलेले असते, हात लावलेला असतो आणि त्याचे आकडे कागदावर लिहून ठेवलेले असतात.

एक उदाहरण पाहू. मांजराच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य) गेल्या वर्षी ०.९ होते आणि यंदा १.६ आले, तर प्रयोगशाळेच्या कागदावर अनेकदा दोन्ही आकडे ‘नॉर्मल’ या रकान्यातच बसतात. यंदाचाच कागद पाहणारा डॉक्टर पुढे जाईल. दोन्ही कागद शेजारी ठेवणारा थांबेल, लघवी तपासायला सांगेल आणि आहारात बदल सुचवेल. मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता संपेपर्यंत हा आकडा बऱ्याचदा मर्यादेबाहेर जातच नाही, म्हणून मागचा कागद हाताशी असण्याला एवढे महत्त्व आहे.

डॉक्टर निवडताना

भारतात पशुवैद्यकाची पदवी एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची असते, आणि भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार व्यवसाय करण्यासाठी राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर किंवा शिक्क्यात असतो. नसेल तर विचारण्यात काहीही गैर नाही. पिल्ले विकणारा किंवा पेट शॉपवाला ‘लस आम्हीच टोचून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा, कारण लस सतत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली नसेल तर ती टोचूनही उपयोग होत नाही, आणि टोचण्यापूर्वी पिल्लाची तपासणी करण्याचे ज्ञान त्या माणसाकडे नसते. लसीच्या पुस्तकात बाटलीवरचे स्टिकर चिकटवलेले, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख, शेजारी डॉक्टरांची सही आणि शिक्का, अशी नोंद असेल तरच ती नोंद समजावी.

मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, तेव्हापासून दीर्घकाळ या विद्येचा भर घोडे आणि गुरे यांच्यावर राहिला; कुत्र्या-मांजरांसाठी वेगळे दवाखाने गल्लोगल्ली दिसू लागले ते अलीकडे. त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना ‘इथे फक्त गाई-म्हशींचा डॉक्टर आहे’ असे वाटते आणि ते प्राणी घेऊन थेट शहर गाठतात. हे मला पटत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील पदवीधर डॉक्टरही तेच शिक्षण घेऊन आलेले असतात, आणि लसीकरण, जंताचे औषध, जखमेची मलमपट्टी, सलाइन, पहिली तपासणी ही कामे तिथे उत्तम होऊ शकतात. गुंतागुंतीच्या वेळी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा शहरातील तज्ज्ञाकडे पाठवण्याचा रस्ताही त्यांना ठाऊक असतो.

शहरात मात्र पर्याय इतके असतात की पहिली फेरी प्राण्याशिवाय, एकट्याने मारावी. दवाखाना अर्ध्या तासाच्या अंतरात आहे का, वजनकाटा दाराशीच आहे का आणि तो खरोखर वापरला जातो का, मांजरांना कुत्र्यांपासून दूर बसवण्याची सोय आहे का, रात्री किंवा रविवारी फोन कोण उचलतो, हे पाहावे. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या मंडळींना विचारावे, कारण अपघातापासून खरजेपर्यंत सगळे त्यांनी पाहिलेले असते आणि कोणता डॉक्टर खर्चाचा अंदाज आधी सांगतो हेही त्यांना माहीत असते. माझी स्वतःची कसोटी एकच आहे: ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, अमुक ठिकाणी दाखवा’ असे जे डॉक्टर संकोच न करता म्हणतात, त्यांच्याकडे फाईल उघडावी.

पहिली भेट आणि पहिले वर्ष

पिल्लू आल्यापासून दोन-तीन दिवसांत पहिली भेट व्हावी. सोबत त्याचे जुने पुस्तक, ते काय खाते याची माहिती आणि डबीत सुपारीएवढी ताजी शी न्यावी. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की कोणते जंत आहेत ते कळते. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयात जन्मजात मर्मर (ठोक्यांसोबत येणारा वेगळा आवाज) आहे का ते ऐकतील, टाळू आणि बेंबी पाहतील, नर असेल तर दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का ते चाचपतील. त्या दिवशी बाळ सुस्त असेल किंवा ताप असेल तर ते लस पुढे ढकलतील, आणि त्यांचे ऐकावे.

लसींचे वेळापत्रक अनेकांना डॉक्टरांची पैसे काढण्याची युक्ती वाटते, म्हणून त्यामागचे कारण समजून घेणे बरे. पिल्लाला आईच्या चिकातून संरक्षण मिळते, पण तेच संरक्षण लसीला काम करू देत नाही. ते कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्यात ओसरेल आणि कोणत्या पिल्लात चौदाव्या, हे बाहेरून दिसत नाही. यासाठी सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत लस पुन्हा दिली जाते. डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांची लस अशी टप्प्याटप्प्याने होते, रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. आपल्याकडे रेबीज अजून असल्यामुळे घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही ही लस द्यावी. महानगरपालिकेच्या परवान्यासाठीही रेबीज लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते.

जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू होते, कारण गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागलेले असू शकतात. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी, असा क्रम बहुतेक डॉक्टर देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून शेजाऱ्यांच्या लॅब्रॅडोरची उरलेली गोळी आपल्या स्पिट्झला देऊ नये.

याच वर्षात प्राण्याला दवाखान्याची सवय लावणे हे काम डॉक्टरांइतकेच आपलेही आहे. फिरायला जाताना आठवड्यातून एकदा आत शिरावे, काट्यावर उभे करावे, कोणीतरी एक तुकडा खाऊ द्यावा आणि सुई न टोचता परत यावे. घरी रोज कान उघडून पाहावेत, पंजे हातात धरावेत, ओठ वर करून दात बघावेत. मांजराच्या बाबतीत मुख्य चूक बास्केटची होते: ती वर्षभर माळ्यावर असते आणि दवाखान्याच्या दिवशी खाली येते, त्यामुळे ती दिसताच मांजर पलंगाखाली जाते आणि पुढचा अर्धा तास दोन्ही बाजूंनी बोचकारण्यात जातो. बास्केट कायम दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, झाकण उघडे, आत जुना मऊ टॉवेल घालून ठेवावी. दुपारची झोप तिच्यातच होऊ लागली की अर्धे काम झाले. वरचा भाग काढता येणारी बास्केट घेतल्यास मांजराला ओढून बाहेर काढावे लागत नाही, ते खालच्या भागात बसलेले असतानाच तपासता येते.

नसबंदीचा निर्णय पहिल्या वर्षात चर्चेला येतो. मोठ्या जातींमध्ये सांध्यांच्या वाढीसाठी थोडे थांबण्याचा सल्ला दिला जातो, लहान जातींत आणि मांजरांत लवकर करतात. म्हणून वय डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजाला मात्र आरोग्याचा आधार नाही.

वर्षातून एकदा, काहीही झालेले नसताना

वार्षिक तपासणीला लोक ‘बूस्टरची सुई’ म्हणतात आणि सुई टोचली की निघतात. वास्तविक सुई हा त्या भेटीतील सर्वात लहान भाग आहे. चांगले डॉक्टर प्राणी दारातून चालत येतानाच त्याच्याकडे पाहत असतात: मागचा पाय किंचित उशिरा पडतो का, मान एका बाजूला आहे का. मग वजन. मांजर ४.२ किलोवरून ३.६ वर आले तर घरच्यांना ‘जरा बारीक झाली’ एवढेच वाटते. सत्तर किलोच्या माणसाचे दहा किलो वजन न प्रयत्न करता उतरावे इतकी ती घट असते. नंतर हिरडी अंगठ्याने दाबून सोडतात आणि पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो का ते पाहतात, जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी चाचपतात, पोट दोन्ही हातांनी दाबतात, एका हाताने मांडीतली नाडी धरून दुसऱ्या हाताने हृदयाचे ठोके ऐकतात. या वेळी डॉक्टरांशी बोलू नये. कानात नळ्या असलेल्या माणसाला आपण सांगितलेले ऐकू येत नाही आणि जे ऐकायचे तेही निसटते.

लठ्ठपणाचा अंदाज घरीही घेता येतो. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून हात फिरवावा, मग पंजा सरळ करून त्याच्या पाठीवरून, आणि शेवटी तळहाताच्या मांसल भागावरून. कुत्र्याच्या बरगड्या पहिल्यासारख्या लागल्या तर तो कृश आहे, दुसऱ्यासारख्या लागल्या तर योग्य आणि तिसऱ्यासारख्या लागल्या तर जेवणाबद्दल डॉक्टरांशी प्रामाणिकपणे बोलण्याची वेळ आली आहे. प्रामाणिकपणे, म्हणजे आजोबांनी टेबलाखालून दिलेली तुपाची पोळी आणि चहासोबतची बिस्किटे धरून.

दातांकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या हिरड्यांच्या आजाराला सुरुवात झालेली असते. तोंडाला वास येणे हे ‘कुत्र्याचे तोंड’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. कीटण नीट काढायचे तर भूल द्यावी लागते, आणि घासायला माणसांची टूथपेस्ट वापरू नये.

पावसाळ्यापूर्वीची भेट महाराष्ट्रात आणि गोव्यात विशेष महत्त्वाची आहे. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची साथ आली होती, आणि हाच आजार कुत्र्यांचे यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करतो. त्याविरुद्धच्या लसीचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. गोचिडांचा उपद्रव आपल्या हवेत वर्षभर असतो. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांमार्फत येणारे आजार, ज्यांना दवाखान्यात सरसकट ‘टिक फिवर’ म्हणतात, ते ताप, अन्नावरची वासना उडणे, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त अशा रूपात दिसतात. रक्तातील प्लेटलेट मोजल्याशिवाय आणि रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्यांचे औषध ठरवू नये. हे मी अनुभवाने सांगतो: एकदा घरात उरलेल्या गोळ्या मीच आमच्या कुत्र्याला तीन दिवस दिल्या, ताप उतरला, चौथ्या दिवशी उलटला, आणि रक्ताच्या नमुन्यात धड काही दिसेना. डॉक्टरांनी दोनदा विचारल्यावर मी गोळ्यांची कबुली दिली.

डॉक्टरांना काय आणि कसे सांगावे

‘काहीच खात नाही’ या वाक्यातून डॉक्टरांना फारसे काही मिळत नाही. ‘काल सकाळपासून चिकनलाही तोंड लावलेले नाही, पाणी मात्र नेहमीपेक्षा जास्त पितो, दोनदा पिवळी उलटी झाली’ यातून अर्धे निदान होते. उलटी होताना पोट आत-बाहेर हलत होते की अन्न नुसतेच घरंगळत बाहेर आले, हा फरक महत्त्वाचा असतो. खोकला, झटका किंवा लंगडणे दवाखान्यात गेल्यावर हमखास थांबते, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढावा; विष्ठेचा फोटो दाखवायलाही लाजू नये. पाणी मोजून ठेवावे: दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून जास्त, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने लिटरभराहून अधिक पाणी प्यायले तर ते जास्त समजतात. झोपेतला श्वास एक मिनिटभर मोजण्याची सवयही चांगली. तो वारंवार तीसच्या वर जात असेल, विशेषतः हृदयाचा आजार असलेल्या प्राण्यात, तर त्याच दिवशी फोन करावा.

तापमानाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या हिशेबाने तो ताप वाटतो आणि घरातले पॅरासिटामॉल दिले जाते. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. कुत्र्यांत आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक जठराला जखमा करतात आणि मूत्रपिंडे बिघडवतात.

काही वेळा मात्र वाट पाहण्यात अर्थ नसतो. बोका वारंवार बसतो आणि लघवीचा थेंबही येत नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आहे आणि कोरडे उमासे येत आहेत. नसबंदी न झालेली कुत्री माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली. हिरड्या पांढऱ्या पडल्या. झटका पाच मिनिटांत थांबला नाही. यांपैकी काहीही दिसले तर निघतानाच दवाखान्याला फोन करून निघावे. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा धापा टाकत कोसळला तर आधी नळाच्या पाण्याने अंग भिजवून पंख्याखाली घ्यावे आणि मगच गाडीत घालावे.

तज्ज्ञ, दुसरे मत आणि एकच फाईल

शस्त्रक्रिया, डोळे, हृदय, कर्करोग यांसाठी शहरांत आता वेगळे तज्ज्ञ मिळतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे घरच्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे, आणि दुसरे मत घ्यायचे असेल तर तेही उघडपणे सांगून घ्यावे. धोका असतो तो न सांगता दवाखाने बदलण्यात. सोमवारी एका ठिकाणी खाजेसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन झाले आणि बुधवारी दुसऱ्या ठिकाणी लंगडण्यासाठी वेदनाशामक मिळाले, तर ही दोन्ही औषधे एकत्र येऊन आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि चूक दोघांपैकी कोणत्याही डॉक्टरांची नसते. म्हणून प्रत्येक चिठ्ठी, एक्स-रे आणि सोनोग्राफीचा अहवाल एकाच फाईलमध्ये लावावा आणि त्याची प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी.

नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांनी ही फाईल आणखी लवकर उघडावी. पुण्याहून जर्मनीला कुत्रा न्यायचा तर आधी पंधरा अंकी मायक्रोचिप (त्वचेखाली बसवायची ओळखचिप), मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी, तिचा निकाल प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकके (आययू) किंवा अधिक, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम लागतो. चिपच्या आधी दिलेली लस यात धरली जात नाही. ऑफर लेटर हातात पडले की तिकिटाआधी डॉक्टरांना फोन करावा.

उतारवयात

साधारण सात वर्षांनंतर, मोठ्या जातींत त्याहूनही आधी आणि मांजरांत दहाच्या सुमारास, तपासणी दर सहा महिन्यांनी करावी आणि तिच्यात रक्त, लघवी आणि मांजरांचा रक्तदाब यांची भर घालावी. ‘म्हातारा झालाय, आता असेच चालायचे’ हे घरात सर्वाधिक ऐकू येणारे निदान बहुधा चुकीचे असते. जिना चढायचा टाळणारा कुत्रा आणि खिडकीत उडी न मारणारी मांजर यांना बऱ्याचदा सांधेदुखी असते, आणि तिच्यावर औषध आहे.

शेवटचा निर्णय अवघड असतो आणि तो एका रात्रीत घेऊ नये. कॅलेंडरवर रोज चांगला दिवस की वाईट दिवस एवढीच खूण करावी. पंधरा दिवसांनी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला की बोलणे सोपे होते. दयामरणात आधी गुंगीचे औषध आणि नंतर भुलेच्या औषधाची वाढीव मात्रा दिली जाते. डॉक्टर घरी येऊ शकतील का, दहनाची सोय कुठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे.

त्यानंतर परवाना रद्द करणे आणि चिपची नोंद बदलणे राहते. उरलेली औषधे घरातल्या दुसऱ्या प्राण्यासाठी जपून ठेवू नयेत. पिल्लू पार्व्होने गेले असेल तर तो विषाणू फरशीच्या फटींत आणि अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. फरशीला ब्लीचचे पातळ द्रावण चालते, मातीला चालत नाही. नवे पिल्लू कधी आणायचे आणि त्याच्या किती लसी झालेल्या असाव्यात, हे विचारायला त्याच दवाखान्यात जावे. घरात काय झाले होते याची नोंद तिथल्या फाईलमध्ये असते.